डेट्रॉइटचे अस्तंगत संघ

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मिशिगन आणि ट्रम्बुल हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथे आज मुलांच्या खेळाचे एक मैदान आहे. मैदानात सुमारे 125 फूट उंचीचा एक जुना ध्वजस्तंभ उभा आहे. 1912 साली येथे सुरू झालेले ‘नॅव्हिन फील्ड’ हे क्रीडागृह बेसबॉलसाठी विख्यात होते. 2009 मध्ये त्याचे पाडकाम पूर्ण झाले; स्तंभ तेवढा राहिला. याच हिरवळीवर व्यावसायिक फुटबॉलच्या संघांनीही नशीब अजमावले होते. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून, प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडीत पुढे सरकावयाचा तो अमेरिकन खेळ होय.

या खेळाच्या व्यवसायाशी डेट्रॉइटचे नाते जन्मापासूनचे आहे. आजच्या नॅशनल फुटबॉल लीगची स्थापना सप्टेंबर 1920 मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे, एका मोटारविक्रेत्याच्या दालनात झाली. बसावयास पुरेशा खुर्च्या नव्हत्या, म्हणून काही मंडळी मोटारींच्या फूटबोर्डवर टेकली. त्या हपमोबाइल मोटारी डेट्रॉइटमध्येच तयार होत असत. शहराची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या घरात होती आणि पुढील दहा वर्षांत ती पंधरा लाखांपलीकडे गेली. कारखान्यांत काम होते, कामगारांच्या हाती पैसा होता. तरीही येथे फुटबॉलचा एकेक संघ उभा राहिला आणि मिटला.

पहिला ‘हेराल्ड्स’, तो लीगमध्ये 1920 चा एकच हंगाम खेळला. दुसऱ्या वर्षीच्या संघाने बेसबॉल संघाचे ‘टायगर्स’ हे नाव उसने घेतले, सात सामन्यांत एक जिंकला आणि हंगाम अर्धवट टाकला. दुबळे संघ बुडाले, यात नवल नाही. नवल आहे ते पुढच्या दोन संघांचे.

1925 मध्ये जिमी कॉन्झलमन या तरुणाने ‘पँथर्स’ संघ आणला. मालक तोच, प्रशिक्षक तोच आणि खेळाडूही तोच! पहिल्याच हंगामात बारापैकी आठ सामने जिंकून संघ तिसरा आला. त्या डिसेंबरात शिकागोचा संघ रेड ग्रेंज या देशभर गाजलेल्या खेळाडूला घेऊन डेट्रॉइटला यावयाचा होता आणि तिकिटे धडाक्याने खपली होती. परंतु ग्रेंज जखमी झाला, आणि तो खेळणार नाही हे कळताच लोकांनी पैसे परत मागितले. पँथर्सने तो सामना जिंकला, पण पेटी रिकामी झाली. लोकांनी तिकीट आपल्या संघासाठी काढले नव्हते, पाहुण्यासाठी काढले होते, हे त्या दिवशी उघड झाले. शिवाय फुटबॉलवेड्यांचा शनिवार विद्यापीठांच्या सामन्यांसाठी राखलेला असे. जवळच्या ॲन आर्बरमध्ये मिशिगन विद्यापीठाने 1927 मध्ये 72,000 आसनांचे क्रीडागृह उभारले, एवढी ती ओढ होती. पँथर्स 1926 नंतर संपले. कॉन्झलमनने मात्र 1928 मध्ये प्रॉव्हिडन्सच्या संघाला विजेतेपद मिळवून दिले.

त्याच 1928 मध्ये डेट्रॉइटला ‘वुल्व्हरिन्स’ आले. त्यांचा नायक होता बेनी फ्रीडमन, मिशिगन विद्यापीठाचा लाडका आणि चेंडू लांबवर फेकण्यात निष्णात. दहापैकी सात सामने जिंकूनही संघाला एकच हंगाम लाभला. न्यूयॉर्क जायंट्सचे मालक टिम मॅरा यांना फ्रीडमन हवा होता. म्हणून त्यांनी अख्खा संघच विकत घेतला. फळासाठी झाड उपटून नेण्याचाच हा प्रकार. 1929 मध्ये जायंट्सने पंधरापैकी तेरा सामने जिंकले. डेट्रॉइटला संघच उरला नाही.

टिकला तो संघ बाहेरून आला. ओहायो नदीकाठच्या पोर्ट्समथ या लहान गावाचा कर्जबाजारी संघ 1934 मध्ये सुमारे 8,000 डॉलरला विकला गेला. घेणारे जॉर्ज रिचर्ड्स हे रेडिओ केंद्राचे मालक होते. संघाचे नाव त्यांनी ‘लायन्स’ ठेवले आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशी सामना ठरविला. त्याचे प्रसारण 94 केंद्रांवरून झाले, मैदानात 26,000 प्रेक्षक जमले. लायन्स तो सामना 19-16 असा हरले. पण दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची काही वर्षे सोडल्यास आजही त्या सणाला डेट्रॉइटमध्ये सामना होतो. आधीच्या मालकांपाशी चांगले खेळाडू होते. रिचर्ड्स यांच्यापाशी लोकांच्या घरात शिरण्याचा मार्ग होता.

लायन्स रुजल्यावरही इतरांनी प्रयत्न सोडले नाहीत. 1974 च्या ‘व्हील्स’ संघाचे तीसहून अधिक भागीदार होते. त्यांत गायक मार्व्हिन गे हेही होते. त्यांनी पूर्वी स्वतःच लायन्सकडून खेळण्याची धडपड केली होती. सामने शहराबाहेर, सुमारे 55 किलोमीटरवरील इप्सिलांटी येथे होत. वीस सामन्यांच्या हंगामातील चौदाच झाले, त्यांत विजय एक. मग दिवाळखोरी.

शेवटची कथा उत्तरेकडील पाँटिअॅकची. तेथील सिल्व्हरडोम या छत असलेल्या प्रचंड क्रीडागृहात 1983 मध्ये ‘मिशिगन पँथर्स’ खेळू लागले. त्यांची लीग वसंतात खेळत असे, त्यामुळे लायन्सशी टक्कर नव्हती. पहिल्या पाचपैकी चार सामने हरलेला हा संघ पुढे विजेता ठरला. उपांत्य सामन्याला साठ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. डेट्रॉइटचे लोक फुटबॉलला पैसे मोजत नाहीत, हा आक्षेप त्या दिवशी खोटा पडला. परंतु लीगमधील काही मालकांना शरद ऋतूत उतरून मोठ्या लीगशी झुंजावयाचे होते. न्यू जर्सीचे मालक डोनाल्ड ट्रम्प त्यांत आघाडीवर होते. पँथर्सचे मालक आल्फ्रेड टॉबमन यांना लायन्सशी स्पर्धा नको होती. 1984 नंतर त्यांचा संघ ओकलंडच्या संघात विलीन झाला. लीगने मोठ्या लीगवर मक्तेदारीचा खटला भरला. 1986 मध्ये ज्यूरीने दावा मान्य केला आणि भरपाई ठरविली एक डॉलर! कायद्यानुसार तिची तिप्पट होऊन तीन डॉलर झाली.

लायन्स 2002 मध्ये शहरात परतले आणि सिल्व्हरडोम ओस पडला. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून बांधलेली ती वास्तू 2009 मध्ये लिलावात 5,83,000 डॉलरला गेली. डिसेंबर 2017 मध्ये ती सुरुंगांनी उडविण्याचा घाट घातला. स्फोट झाले, धूर उठला आणि खाली बसला; इमारत जागच्या जागी उभीच होती. ती पडली दुसऱ्या दिवशी.