आधी काडी टाक

नृसिंहवाडीच्या घाटावर पहाटे एक म्हातारी दिसते. पाण्यात ती उतरतच नाही. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेते, दत्ताचं नाव घेते आणि उठते. तिचं स्नान झालेलं असतं. खालच्या पायरीवरचं शेवाळ तिला ठाऊक आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर मामांनी आम्हाला पोहायला शिकवलं, उन्हाळ्यातल्या संथ पाण्यात, पाठीला डबा बांधून. पण त्याआधी हातात वाळकी काडी द्यायचे. "टाक. कुठं जातीया बघ." काडी झरझर निघाली तर तिथं धार, गरगरली तर भोवरा. "धारेत घावलास तर तिच्याशी झुंजू नको. तिच्यासंगं खाली जा, तिरका तिरका काठाला लाग."

पुढं कितीतरी वर्षांनी आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला गेलो. दर्शन झालं, समोर समुद्र. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधला पट्टा तेवढा निवांत. लेक नेमकी तिकडंच धावली. मी तिला थांबवलं आणि वाळूतलं नारळाचं सोडण उचलून फेकलं. ते काठाला यायचं सोडून आत आत जाऊ लागलं. लाटांनी आणलेलं पाणी अशाच वाटेनं माघारी फिरतं. तिथं लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडं झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावं, मग लाटेबरोबर परतावं. ते जमत नसेल तर अंग सैल सोडून तरंगावं आणि हात वर करून मदत मागावी.

इकडं नृसिंहवाडीत पावसाळ्यात नदीच दत्ताच्या देवळात येते. पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला गावोगावचे लोक येतात. पण पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. 2005 आणि 2019 च्या महापुरांनी तर अख्ख्या गावाला वेढलं. पाणी चढलं की इथं देवसुद्धा जागा सोडतो. मग माणसानं मागं सरण्यात कसला कमीपणा?

वाडीला या, पुळ्याला जा. पाण्याकाठी आधी दहा मिनिटं बसा, तिथल्या नावाड्याला, जीवरक्षकाला विचारा. तो नको म्हणाला, तर तांब्याभर पाणी अंगावर घ्या आणि नमस्कार करून परत फिरा.