दाल बाजार ते विद्यापीठ

ग्वाल्हेरच्या लष्करातील दाल बाजारात सकाळच्या वेळी पायी जाणाऱ्याने अंग चोरूनच चालावे. दोहो बाजूंस पोत्यांच्या थप्प्या, मधून हातगाड्यांची रांग. आपण ज्यांना हमाल म्हणतो, त्यांना इकडे पल्लेदार म्हणतात. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली, छावणीचेच 'लष्कर' नावाचे शहर झाले. आणि जेथे छावणी तेथे धान्याची पेठ ओघानेच आली.

या व्यापाराचे आम्हांस वाटणारे कौतुक निराळेच आहे. यात वाया म्हणून काही जात नाही. डाळीची चुनी व टरफले गुरांच्या आंबोणात जातात, रिकामे पोते पुन्हा विकले जाते, सांडलेले दाणे झाडून-पाखडून घेतात. याला कोणी पर्यावरणरक्षण म्हणत नाही, हिशेब म्हणतात.

तोच हिशेब मनात घोळवीत आम्ही जीवाजी विद्यापीठाच्या आवारात गेलो. विद्यापीठाची स्थापना १९६४ सालची; त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते कोनशिला बसली. पेठेच्या दाटीतून आलेल्या माणसास येथील मोकळी जागा पाहूनच बरे वाटते. आमचे लक्ष मात्र इमारतींच्या छतांकडे गेले. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. हजार चौरस मीटरांच्या छतावर सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर सात लाख लिटर! गळती-बाष्पाचा पाचवा हिस्सा वजा घातला, तरी साडेपाच लाखांवर उरते. सातवीतला मुलगाही हे गणित सोडवील.

हे सारे पाणी गाळून जमिनीत मुरविता येते, आणि ते येथे निकडीचे आहे. तिघऱ्याचे धरण १९१६ सालचे. त्याची पातळी उतरली, की शहरात एक दिवसाआड पाणी, असे उन्हाळे आम्ही पाहिले आहेत. किल्ल्यावर तर नदी नाही, तरी सूरजकुंड, जौहरकुंड, एकखंबा ताल अशी तळी खोदून माणसे शतकानुशतके राहिली. हा धडा समोरच्या डोंगरावर उघडाच पडलेला आहे.

दुसरी बाब पाल्याची. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब झडतो आणि शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत पानांचे ढीग पेटतात. आमच्या मते हा शुद्ध उधळेपणा होय. खड्ड्यात पाला, थोडे शेण व माती यांचे थर देऊन ओल राखली, तर काही महिन्यांत खत होते. हिरवळीचे गालिचेही येथील उन्हाला मानवत नाहीत. ते सतत पाणी मागतात. एकदा मूळ धरल्यावर कडुनिंब, करंज, शमी फारसे काही मागत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे केले आणि पुढे पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही आला. त्याची प्रश्नपत्रिका सोडविण्याबरोबर विद्यार्थ्यांनी एका इमारतीचे पाणी एक पावसाळाभर मोजावे, पाल्याचे वजन करावे, आणि जमाखर्च वहीत मांडावा. वही कशी ठेवतात, हे दाल बाजारातला कोणताही मुनीम त्यांना दाखवील.