२४० रेषांचं चित्र

जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडून द्या म्हणून जे लोक माझ्याकडे येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘चित्र एचडी दिसेल ना?’ दिसेल. पण मी आधी त्यांच्या हातात गेमचा रिमोट देतो आणि मारिओला उडी मारायला सांगतो. बटण दाबल्यापासून तो उडेपर्यंत मध्ये काही अडलं का, ते आधी बोटाला कळू दे. आकाश किती स्वच्छ दिसतं ते मग बघू.

अपस्केलरचं काम सांगायला सोपं आहे. जुन्या यंत्राचं लहान चित्र मोठं करायचं आणि नव्या टीव्हीला समजेल अशा रूपात एचडीएमआयच्या वायरीतून पुढे द्यायचं. हे काम करता करता माझं मत असं झालं आहे की चित्र नुसतं चकचकीत करणं ही चांगल्या अपस्केलरची खूण नव्हे. गेम बनवणाऱ्याने पडद्यावर जे उमटेल असं धरलं होतं ते, आणि ज्या क्षणी उमटेल असं धरलं होतं त्याच क्षणी, तो पोचवतो का, एवढंच मी बघतो.

ही जुनी यंत्रं कोणती, तर फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला, सेगाचा मेगा ड्राइव्ह १९८८ साली, सुपर फॅमिकॉम १९९० साली. आपल्याकडे मारिओ आणि कॉन्ट्रा घरोघर पोचले ते बहुतांशी फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांमधून. कॅसेट बसवायची, पिवळी पिन टीव्हीत खुपसायची, खेळ सुरू. ही सगळी यंत्रं समोर काचेच्या नळीचा डबा टीव्ही आहे असं धरूनच चित्र पाठवत. त्या टीव्हीवर दूरदर्शनचं चित्र दोन हप्त्यांत येई, आधी एकाआड एक रेषा आणि मग मधल्या राहिलेल्या. यंत्र बनवणाऱ्यांनी संकेताच्या वेळेत किंचित फेरफार करून दोन्ही हप्ते एकाच जागी पाडले. त्यामुळे अमेरिका-जपानच्या पद्धतीत सुमारे २४० रेषांचं अख्खं चित्र सेकंदाला ६० वेळा मिळू लागलं, आणि दर दोन रेषांमध्ये एक बारीक काळी फट राहिली.

आजच्या टीव्हीला ही युक्ती कळत नाही. पिवळ्या पिनेतून आलेलं काहीही तो दोन हप्त्यांतलं चित्र समजतो आणि लागोपाठची दोन चित्रं एकमेकांत विणायला बसतो. याचा परिणाम बघायचा असेल तर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मोठ्या मारिओला मुद्दाम कासवावर आदळवा. तो लहान होतो आणि थोडा वेळ लुकलुकतो. गेमच्या आत काय होतं, तर त्या काळात मारिओ एका फ्रेमला काढला जातो आणि पुढच्या फ्रेमला काढलाच जात नाही. डबा टीव्हीवर तो अर्धपारदर्शक भासतो. विणणाऱ्या टीव्हीवर मात्र मारिओच्या अंगावर कंगव्याच्या दातांसारखे आडवे पट्टे उमटतात, नाहीतर टीव्हीच्या तऱ्हेप्रमाणे तो त्या वेळापुरता दिसतच नाही. शिवाय विणायचं म्हणजे पुढचं चित्र येईपर्यंत थांबणं आलं. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. अशा दोन-तीन फ्रेम टीव्हीत अडकल्या की खड्ड्याच्या काठावरची उडी चुकते, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलं वय झालं.

बाजारात काहीशे रुपयांना मिळणारा एव्ही-टू-एचडीएमआय डबा नेमकं हेच करतो. वर चित्र ताणून पडदाभर पसरवतो, म्हणजे मारिओ जाडा होतो. लोक तो घेतात, निराश होतात आणि गेमच जुनाट होता असं म्हणून कॅसेटा माळ्यावर टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गेमचा यात काहीच दोष नसतो.

खऱ्या अर्थाने वाट मोकळी केली ती ओएसएससी या यंत्राने. फिनलंडच्या मार्कुस हिएनकारी यांनी ते बनवलं आणि त्याचा सगळा आराखडा खुला ठेवला. ते अख्खी फ्रेम साठवून ठेवत नाही. आलेली रेषा दोनदा, तीनदा, पाचदा लिहून लगेच पुढे ढकलतं, त्यामुळे उशीर काही रेषांपुरताच होतो. नंतर माइक ची यांची रेट्रोटिंक मालिका आली. २०२१चं फाइव्ह-एक्स प्रो आणि २०२३च्या अखेरचं फोर-के ही तिची नावाजलेली यंत्रं. फोर-केची किंमत बाजारात येताना ७५० डॉलर होती. त्यावर आपलं सीमाशुल्क धरलं तर हा सरळसरळ चैनीचा खर्च आहे. ज्यांना तो झेपत नाही त्यांना मी जीबीएस-कंट्रोल सुचवतो. आर्केड यंत्रांसाठी बनलेला स्वस्त जीबीएस-८२०० बोर्ड घ्यायचा, त्याला ईएसपी-८२६६ ही छोटी चिप जोडायची आणि हौशी लोकांनी लिहिलेली प्रणाली त्यात घालायची. सोल्डरिंग करता येत असेल तर एका रविवारचं काम आहे.

यंत्र आलं की पटीचा हिशोब सुरू होतो, आणि हा भाग मला मनापासून आवडतो. २४० गुणिले ३ म्हणजे ७२०. २४० गुणिले ९ म्हणजे २१६०, फोर-के टीव्हीच्या नेमक्या तेवढ्याच रेषा. मधला १०८० मात्र कुठेच बसत नाही. चौपट केलं तर ९६० होतात आणि वर-खाली काळी पट्टी राहते. पाचपट केलं तर १२०० होतात आणि मूळ चित्राच्या वरच्या बारा आणि खालच्या बारा रेषा कापल्या जातात. साडेचारपट केलं तर पडदा भरतो, पण एक रेषा चार ओळींची आणि दुसरी पाच ओळींची होते. मग चित्र वर-खाली सरकू लागलं की सगळा पडदा पाण्यासारखा थरथरतो. मी १०८०च्या टीव्हीवर चौपटच लावतो. काळी पट्टी डोळे दोन मिनिटांत विसरतात, थरथर शेवटपर्यंत खुपते.

आपल्याकडचा एक वेगळा पेच म्हणजे ५० हर्ट्झ. भारत टीव्हीच्या पाल पद्धतीचा देश, त्यामुळे इथल्या बहुतेक नकला सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं देतात. गेमचं संगीत सहसा फ्रेमच्या ठेक्यावर चालतं. म्हणून ज्याने लहानपणी अशा नकलेवर कॉन्ट्रा खेळला, त्याच्या कानात त्या संगीताची लय संथ बसलेली असते. त्याला अमेरिकी यंत्रावरचा कॉन्ट्रा लावून दिला की तो म्हणतो, हा पळतोय. अपस्केलरमध्ये ५०चं ६० करायची सोय असते, पण त्यात दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि धावता मारिओ ठेचकाळल्यासारखा दिसतो. आपल्याकडचे टीव्ही ५० हर्ट्झ बिनतक्रार घेतात. तेव्हा नकलेचं ५० तसंच जाऊ द्यावं. ज्याला जी लय आठवते तीच त्याला मिळावी.

रंगांची गोष्ट आणखी खोल आहे. मारिओच्या आकाशाचा खरा रंग कोणता? निळा की जांभळट? यावर लोक तासन्‌तास भांडतात, आणि निकाल लागत नाही याला सबळ कारण आहे. फॅमिकॉमची चित्रं काढणारी चिप लाल-हिरवा-निळा असे आकडे बनवतच नाही. ती थेट पिवळ्या पिनेचा संकेत बनवते. त्यात रंग म्हणजे एका लहरीचं पुढे-मागे सरकणं, आणि त्या सरकण्याचा कोणता रंग करायचा हे समोरचा टीव्ही ठरवतो. एका घरी आकाश निळं होतं, शेजारी जांभळट, आणि दोघांचंही बरोबर होतं. अपस्केलर लावताना मात्र कुणालातरी रंगांचा एक तक्ता निवडावाच लागतो. मी शक्य असेल तेव्हा मालकालाच समोर बसवतो, एकेक तक्ता फिरवत जातो आणि तो ‘हां, हेच’ म्हणाला की थांबतो. त्याच्या घरच्या टीव्हीवर काय दिसत होतं याचा साक्षीदार तोच.

मेगा ड्राइव्हचं उलट आहे. त्यातून लाल-हिरवा-निळा वेगवेगळा बाहेर काढता येतो. योग्य केबल लावली की चित्र इतकं रेखीव येतं की पाहणारा हरखून जातो. मग १९९१च्या ‘सॉनिक’मध्ये पहिल्याच टप्प्यावर, ग्रीन हिलमध्ये, धबधबा येतो. पाणी नाहीच, नुसत्या उभ्या रेघा दिसतात. त्या रेघा गेममध्ये खरोखरच आहेत. यंत्राला पारदर्शक पाणी काढणं सहज जमत नव्हतं, म्हणून चित्रकाराने एक रेघ पाण्याची आणि एक रेघ मोकळी अशी सोडली. पिवळ्या पिनेच्या वायरीत शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. त्या मिसळण्याने रेघा पुसल्या जात आणि मागचे खडक दिसणारं झुळझुळीत पाणी तयार होई. पिवळी पिन आणि डबा टीव्ही मिळून चित्र पुरं करत होते. म्हणून मेगा ड्राइव्हला मी दोन्ही वायरी जोडून ठेवतो. सॉनिक खेळायचा तर पिवळी. बारीक अक्षरं वाचायची असतील तर दुसरी.

हेच काळ्या फटींचं. बहुतेक चांगल्या अपस्केलरमध्ये त्या कृत्रिमपणे घालायची सोय असते, आणि नवा माणूस त्या आधी बंद करतो, कारण पडदा खराब झाल्यासारखा वाटतो. पण त्या काळचे चेहरे, ढग, झाडं सोळा-सोळा चौकोनांत बसवलेली असत. फटी असल्या की डोळा मधला भाग स्वतः भरतो आणि गाल गोल होतो. फटी काढल्या की गालाच्या पायऱ्या होतात. फोर-केवर मूळच्या एका रेषेला नऊ रेषा मिळतात, त्यामुळे उजळ रेषा जाड आणि अंधारी रेषा बारीक, असं नळीसारखं वागणं बऱ्यापैकी उतरवता येतं. फटींनी उजेड कमी होतो, तेव्हा टीव्हीचा उजेड वाढवावा. एवढं केलं की चित्र जिवंत होतं. मी ते ज्यांना दाखवलं आहे त्यांच्यातल्या बहुतेकांनी फटी पुन्हा बंद केल्या नाहीत.

एका गोष्टीपुढे मात्र सगळे अपस्केलर हात टेकतात, ती म्हणजे बंदूक. १९८४चा ‘डक हंट’ आठवत असेल. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला डोळा तो उजेड शोधतो, पण साधा उजेड त्याला चालत नाही. सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त रेषा ओढणाऱ्या नळीच्या किरणाचीच धडधड त्याला ओळखता येते, आणि तीही ठरलेल्या वेळेलाच. सपाट पडद्यात तो किरणच नाही. साठ हजारांचं यंत्र मध्ये लावलं तरी बदक पडत नाही.

तेव्हा माझं सांगणं असं. अपस्केलर घेण्याआधी टीव्हीतला गेम मोड चालू करा. तो फुकट आहे आणि बटणाचा उशीर बराच कमी करतो. मग चांगली वायर घ्या. यंत्राचा खर्च त्यानंतर. आणि घरात किंवा गावाकडच्या माळ्यावर चालू स्थितीतला डबा टीव्ही पडून असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. मागचं झाकण उघडू नका, आत नळीला जीवघेणा विजेचा साठा असतो. नुसता पुसून, पिवळ्या पिनेची जागा शाबूत आहे का तेवढं बघून, खेळणाऱ्या एखाद्या मुलाला देऊन टाका. असे टीव्ही आता कोणी बनवत नाही.