टक्के आणि मीटर

माझ्याकडे एक सरकारी कागद आहे. त्यावर फोटो, शिक्का, सही आणि एक आकडा: ६० टक्के. मार्क नाहीत हे. (इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षी साधारण तेवढेच पडले होते, पण ते असो.) हे माझं कायमस्वरूपी अपंगत्व. 'कायमस्वरूपी' हा शब्द सरकारी मराठीत फार सहज वापरतात.

जे नेहमी इथे येतात त्यांना माहीत आहे, नव्यांसाठी थोडक्यात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत धाराशिवहून बाइकवर बेंबळीला, म्हणजे माझ्या गावी, निघालो होतो. अंधार पडलेला. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना रेडियम. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, पण डाव्या खांद्यावर पडलो. मानेतून हाताकडे नसांचा एक जुडगा जातो, त्याला ब्रेकिअल प्लेक्सस म्हणतात. खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ओढली गेली की तो ताणला जातो, कधीकधी तर मुळापासूनच उपटतो. माझा उपटला. ऑपरेशन झालं, दुसरीकडची नस आणून जोडली. नस वाढते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. आज कोपर थोडं वाकतं. त्याखालचा हात नुसता सोबत असतो.

आता खरं सांगू का? कामाचं फारसं अडलं नाही. स्टिकी कीज चालू केल्या, दोन महिन्यांत एका हातानं कोड लिहायला लागलो. शर्टाची बटणं जास्त अवघड होती. अडलं ते गावात. बेंबळीत ओट्यावर बसलो की येणारा-जाणारा थांबायचा. "हात गेला म्हणं की रं लेकरा..." मग आईकडे बघून, हळू आवाजात, "आता लग्नाचं कसं?" सोयाबीनच्या राशीला मी शेतात गेलो तर चुलते म्हणायचे, "तू बस बाबा सावलीत." कट्टे उचलायला मी नको होतो. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण सहा महिने सावलीत बसून बघा, माणूस आतून आंबतो. वडिलांचं म्हणणं होतं, पुण्याची नोकरी सोड, इथंच एक दुकान टाकून देतो. एक वेळ अशी आली की मीही हो म्हणणार होतो.

मग ४ सप्टेंबर २०२४ उजाडला. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेक, एफ ४६ गट. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचा सचिन खिलारी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेऊन गेला. सुवर्ण कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला, १६.३८. फरक सहा सेंटिमीटर! आणि हा स्टुअर्ट सात फुटांहून उंच गडी. सचिनचा डावा हात शाळेत असताना झालेल्या अपघातात कायमचा दुबळा झाला. वर हा माणूस मेकॅनिकल इंजिनिअर. मी लॅपटॉपवर तो थ्रो किती वेळा बघितला, मोजलं नाही. मला त्या एफ ४६ चं अप्रूप वाटलं. ज्याचा एकच हात निकामी आहे त्याची गाठ तशाच माणसांशी. तिथं "एवढा हात असताना काय फेकतोस बघू" एवढाच प्रश्न.

मग वाचत सुटलो. (आपली सवय, बग सापडला की मुळापर्यंत जायचं.) दुसऱ्या महायुद्धात लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरनं इंग्लंडमध्ये, स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात, पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांना खेळायला लावलं. करमणूक म्हणून नव्हे, उपचार म्हणून. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं, त्याच दिवशी त्यानं तिथं १६ जणांची व्हीलचेअरवरची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकची मुळं तिथली. आपले मुरलीकांत पेटकर त्याच वाटेचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. 'चंदू चॅम्पियन' आला २०२४ मध्ये. म्हणजे पिक्चर यायला बावन्न वर्षं लागली!

असो. मी चार किलोचा गोळा विकत घेतला.

पहिल्याच दिवशी कळलं की गोळा नुसत्या उजव्या हातानं फेकत नाहीत. डावा हात आधी उघडतो, मग अंग वळतं, मग ताकद. माझा डावा हात उघडतच नाही, उलट झोका घेऊन तोल घालवतो. तो पट्ट्यानं पोटाशी बांधला आणि सगळं वळण कमरेतून, पायांतून काढायला शिकलो. पहिला थ्रो ५.१० मीटर. बेंबळीच्या शाळेच्या मैदानावर चुलतभावानं टेप धरला होता, पोरं हसत होती. आज ८.४० जातो. सचिनच्या निम्मा, तोही हलक्या गोळ्यानं. पण मंडळी, साठ टक्क्यांच्या त्या कागदानंतर माझ्या अंगाबद्दलचा हा पहिला आकडा होता जो हलला. आणि माझ्यामुळे हलला.

गोड गोष्ट करून सांगायची नाही मला. रात्री हात अजून भाजल्यासारखा जळतो, खेळानं ते थांबलेलं नाही. लग्नाचंही कसं ते अजून ठरायचंय :-) बदललं एवढंच की चुलते आता "किती गेला?" विचारतात, आणि गेल्या राशीला त्यांनी न बोलता माझ्या उजव्या खांद्यावर कट्टा दिला. वडिलांनी दुकानाचा विषय पुन्हा काढलेला नाही.

आणि अजून एक. हसणाऱ्या पोरांच्या मागे एक पोरगा नुसता उभा असायचा. मळणी यंत्रात मनगटापासून हात गेलेला. आमच्या भागात हे नवीन नाही, दर हंगामात कुणाचा तरी हात जातो आणि तो माणूस सावलीत जाऊन बसतो. आमचा जिल्हा खो-खोचा. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे इथलीच. हाही चांगला पळायचा म्हणे. एका शनिवारी मी त्याच्या हातात गोळा दिला. दुसऱ्या महिन्यात तो माझ्या पुढं गेला. आता मी गावी येणार की नाही, हे आईच्या आधी तो फोन करून विचारतो.

त्याला स्पर्धेत उतरवायचं तर आधी टक्क्यांचा तो कागद लागतो. त्याच्या घरी अजून कुणी काढलेला नाही. पुढच्या आठवड्यात मी एक दिवसाची रजा टाकली आहे, त्याला धाराशिवला घेऊन जाणार आहे. कागद एका दिवसात होत नाही, दुसरी रजाही लागेल. मॅनेजरला सांगून ठेवलंय.