वीस नंबरच्या सुताचं देणं

अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकलो, पण जकात कुणाच्या पोटावर येते हे दाखवलं शेजारच्या काकांनी. परळच्या गिरणीत रिंग खात्यात उमेदीची वर्षं गेलेली, 1982 च्या संपानंतर बदलापूरला येऊन राहिलेले. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर मागे बसवून मला बारवी धरणाकडे न्यायचे. टपरीवर चहा सांगून झाला की सदऱ्याच्या शिवणीतला धागा ओढायचे, चिमटीत पिळायचे. "हा चाळीस नंबर. वीसचं सूत याच्यापुढे सुतळी!"

या विसाच्या रेघेवरच इंग्रज सरकारने 1894 मध्ये कर बसवला होता. तिजोरीत खडखडाट, म्हणून आयात कापडावर 5 टक्के जकात. मग मँचेस्टर रुसू नये म्हणून इथल्या गिरण्यांच्या विसाच्या वरच्या सुतावरही तेवढीच अबकारी. तरी लँकेशायर शांत होईना. जुलै 1895 च्या ब्रिटिश निवडणुकीत आयर्लंडपासून दारूच्या दुकानांपर्यंत विषय होते, पण लँकेशायरच्या गिरणगावांत हिंदुस्थानची जकात गाजली. लिबरल आपटले, हुजूर पक्षाचे सॉल्सबरी आले. फिन्सबरीत दादाभाई नौरोजीही पडले. 1896 च्या फेब्रुवारीत कायदा बदलला. सूत मोकळं झालं, मात्र आयात कापडाबरोबर इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के. मँचेस्टरशी ज्याची स्पर्धाच नव्हती, ते गरिबाच्या अंगावरचं जाडंभरडं कापडही करात ओढलं गेलं. पुण्यात टिळकांनी विलायती कापडावर बहिष्कार पुकारला तो यावरूनच.

"मत त्यांचं, कर आपला," काका म्हणायचे. बारवीचंही त्यांना तसंच दिसायचं: धरण एमआयडीसीचं, पाणी कारखान्यांना आणि शहरांना, बुडाली मुरबाड तालुक्यातल्या आदिवासींची जमीन. त्या बाजूचं कुणी टपरीवर भेटलं की काका आधी त्याचं ऐकून घेत, गिरणीचं नंतर.

न्यायमूर्ती रानड्यांच्या अर्थशास्त्रावरच्या निबंधांची जुनी इंग्रजी प्रत त्यांनी फोर्टच्या फुटपाथवरून आणली होती. स्वतःला इंग्रजी येत नव्हतं. "तू वाच, मला मराठीत सांग." समजावून सांगता सांगता माझा अभ्यास झाला. खुला व्यापार सगळ्या देशांना सारखाच मानवत नाही, हे रानड्यांचं म्हणणं त्यांना एका दमात पटलं. मला मात्र दोनदा वाचावं लागलं. फीचे पैसे फेडता येतात. हे कसं फेडायचं?

गिरणीच्या कापडावरची ती अबकारी थांबली 1925 च्या डिसेंबरात, तीस वर्षं वसूल होऊन. तुमच्या इमारतीत गिरणीतून घरी बसलेलं कुणी असेल तर एखादा रविवार त्यांच्याजवळ बसा. सुताचा नंबर त्यांची बोटं अजून सांगतात.