लाखेची मोहोर

इंदूरचा सराफा दिवसा एक असतो आणि रात्री दुसरा. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरे खाली आली की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, ताटलीएवढी जिलबी (तिला तिथे जलेबा म्हणतात), आणि वर रबडी. राजवाड्यापासून चालत दोन पावलांवर हे सारे. माझ्या मामांचे चांदीच्या भांड्यांचे लहानसे दुकान त्या गल्लीत होते. मी तेव्हा तिशीतला शिक्षक. शाळा सुटली की मामांचे हिशेब लिहायला जायचो. हिशेबापेक्षा गराडूंची ओढ जास्त होती, हे मामांनाही ठाऊक होते.

गोष्ट २००२ च्या हिवाळ्यातली. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्याची मोठी वीजकेंद्रे तिकडे गेली आणि आमच्या मध्य प्रदेशात दिवे कधी जातील याचा नेम राहिला नाही. २००३ च्या निवडणुकीत सरकार गेले, त्यात या अंधाराचा वाटा मोठा होता. मामांनी एक जुने पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन घेऊन दुकानामागच्या बोळात जनरेटर बसवला. आसपासच्या दुकानांना आणि रात्रीच्या ठेल्यांना बल्बमागे ठरलेल्या पैशांवर वीज द्यायची. इंजिन सांभाळायला एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा होता. सगळे त्याला छोटू म्हणत. त्याचे खरे नाव विचारावे असे कुणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही.

हिशेब लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की डिझेल जास्त जाते आहे. मी टाकीत काठी बुडवून खुणा करू लागलो. रात्री इंजिन बंद झाल्यावरची खूण आणि दुसऱ्या संध्याकाळची खूण यांत अर्ध्या लिटरचा फरक. बंद इंजिन डिझेल पीत नाही. मग पिते कोण? बोळाची किल्ली मामांकडे आणि छोटूकडे. मामा चोरणार नाहीत. एम.ए.ला तर्कशास्त्र नव्हते, तरी एवढा तर्क मला जमला.

मी टाकीच्या ढक्कनाखाली रबराची चकती घातली, वरून सुतळी आवळली आणि मामांच्या पेटीतली लाख वितळवून गाठीवर मोहोर उमटवली. (मेणबत्ती बोळाबाहेर ठेवण्याइतकी अक्कल शाबूत होती.) छोटू बघत उभा होता. म्हणाला, “सर, ऐसे तो टंकी का दम घुट जाएगा.”

चोर मोहोरेला नावे ठेवणारच, असे मी मनात म्हटले. दुसऱ्या संध्याकाळी खुणा तंतोतंत जुळल्या. मला आणखी पुरावा नको होता. मी मामांना सांगितले, मामांनी आठवड्याचा पगार हातावर ठेवला आणि तो गेला. काही बोलला नाही.

इंजिनाने मात्र बोलायला सुरुवात केली. तासभर नीट चाले, मग आवाज चढे, उतरे. त्याबरोबर सगळ्या गल्लीतले बल्ब मोठे होत, बारीक होत, आणि ठक् करून सगळे बंद. उकळत्या तुपापुढे माणूस अंधारात उभा! ठेलेवाले मामांच्या नावाने शंख करू लागले. हँडल मारून माझे खांदे भरून आले. नवे डिझेल आणले, फिल्टर बदलला. काही उपयोग झाला नाही. शेवटी सियागंजातून एका उस्तादांना बोलावले.

त्यांनी फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल केला. डिझेलऐवजी फेस आला. “हवा पकड़ी है,” ते म्हणाले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सुटतो आणि पेट घेतो. पंपात द्रवच असेल तर तो दाबला जात नाही, नोझल उघडते. हवा असली की पंप नुसती तीच दाबत बसतो. उस्तादांनी फेस जाऊन स्वच्छ धार येईपर्यंत वाट पाहिली, स्क्रू आवळला. इंजिन सुरू झाले. तासाभराने पुन्हा तेच. आता त्यांनी ढक्कनाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि चाकूने सुतळी कापली.

ढक्कन सैल होताच ‘सूं’ असा आवाज झाला. ढक्कनाला टाचणीएवढे एक भोक असते. डिझेल खाली जाईल तशी तिथून हवा आत यायची असते. ते मी रबराने बुजवले होते. आत पोकळी तयार होई, पंप ओढत राही, आणि कुठल्यातरी सैल जागेतून हवा खेचली जाई. ती जागाही लगेच दिसली. ढक्कन उघडताच फिल्टरच्या खालच्या बोल्टवर एक थेंब जमला आणि खालच्या वाळूत पडला. मग दुसरा. बोल्टखालचा तांब्याचा वायसर चिरला होता.

टाकीखालचा नळ रात्री कुणी बंद करत नसे. मी औषधाच्या मापात थेंब धरले. तासाला तीसएक मिलिलिटर. अठरा तासांचे अर्ध्या लिटरहून थोडे जास्तच. पाण्याने भरलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबले की खालून पाणी पडत नाही, हा प्रयोग मी मुलांकडून वर्गात करून घेतलेला. माझ्या मोहोरेने गळती थांबवली होती आणि मी तिला पुरावा समजलो.

वायसर काही पैशांचा.

शाळेत पैसे हरवल्याची तक्रार आली की हल्ली मी आधी दप्तराला भोक आहे का ते बघायला सांगतो. शिक्षक हसतात.

छोटूला शोधायला लांब जावे लागले नाही. वीसएक पावलांवर, गराडूच्या ठेल्यावर तो कढईत झारा फिरवत होता. आमचे बल्ब विझताना त्याने रोज पाहिले असणार. मी सगळे सांगितले. चूक माझी, हेही म्हटले; हिंदीत म्हटले, मराठीत ते माझ्याने लवकर बाहेर पडले नसते. मामा परत बोलावतायत, असा निरोपही दिला.

त्याने एवढेच विचारले, “ढक्कन खोल दिया ना?”

“हां.”

“यहाँ ठीक हूँ, सर.”

मग त्याने गराडूवर मसाला भुरभुरवला, लिंबू पिळले आणि द्रोण माझ्या हातात दिला. एरवी तो ओळखीच्या माणसाचे सुटे पैसे न मोजताच परत करी, हे मी पाहिले होते. मी दहाची नोट दिली. त्याने नाणी एकेक करून माझ्या तळहातावर मोजली आणि म्हणाला, “गिन लीजिए.”