फ्यूज आणि चांदी

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्या, आणि त्यानंतर काही महिन्यांनी मी एक प्रायव्हेट पद्मिनी विकत घेतली. ह्याला शहाणपणा म्हणत नाहीत, हे बायकोनं लगेच सांगितलं. पण बाबांच्या मित्राची 'फियाट' लहानपणी मनात बसली होती. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आपल्याकडे तिला फियाटच म्हणायचे. चार सिलिंडर, १०८९ सीसी, स्टिअरिंगला चिकटलेला गिअर... असो.

कोलशेतला आमच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये ती उभी राहिली आणि माझे रविवार संपले. आधीच्या मालकानं गाडी 'मेंटेन' केली होती म्हणे. दारातला गंज खरवडला तर पत्रा कमी, पुट्टी जास्त. रेडिएटरचं पाणी एमसीलच्या भरवशावर. एक्झॉस्ट चक्क बाइंडिंग वायरनं लटकवलेला. दर रविवारी मी त्या अनोळखी माणसाला मनसोक्त शिव्या घालायचो. दुसऱ्याचा जुना कोड वाचताना घालतो तशाच!

आणि मग फ्यूजबॉक्स उघडला. टेललॅम्पच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. फ्यूज वितळतो तो वायर वाचवायला. त्याच्या जागी चांदी घातली की वितळायची पाळी वायरच्या कोटिंगवर येते. ही वायर जाते डिकीकडे, पेट्रोलची टाकीही मागेच, आणि मागच्या सीटवर माझी सात वर्षांची मुलगी. चांदी काढून फेकली, नवा फ्यूज टाकला. झालं काम!

कसलं काय. त्याच आठवड्यात रात्री कापूरबावडीहून कोलशेत रोडला वळलो आणि ढोकाळीच्या अलीकडे मागून येणारा टँकर जोरजोरात हॉर्न मारायला लागला. टेललॅम्प बंद! कशीबशी गाडी कडेला घेतली. फ्यूज उडालेला, जादाचा घरी. अंधार, टँकर अगदी जवळून सुसाट जातायत, मागे पोरगी चॉकलेट खातेय.

"बाबा, हे कुठे टाकू?" म्हणत तिनं चॉकलेटचा चमकता कागद पुढे केला.

काय करणार होतो? मी तोच कागद गुंडाळला. दिवे लागले आणि आम्ही निघालो. घरी पोचेपर्यंत गाडीत जळका वास येत होता. डिकीजवळच्या वायरला हात लावला तर चटका बसला.

त्या रात्री झोप लागली नाही. रविवारी अख्खी डिकी रिकामी करून टॉर्च घेऊन आत शिरलो. पत्र्यातल्या ज्या भोकातून वायर जाते तिथलं रबर गायब होतं. धारदार कडेवर घासून घासून वायर उघडी पडली होती. खड्डा आला की ती पत्र्याला टेकायची आणि फ्यूज उडायचा. म्हणजे बिचारा फ्यूज इतकी वर्षं खरं तेच सांगत होता. आधीच्या मालकानं त्याचं तोंड बंद केलं, आणि मग मीही.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन रबर आणलं. गाडी बनली होतीही कुर्ल्यातच, म्हणजे माहेरचंच. किंमत दहा रुपये. वायर बदलली, रबर बसवलं, ढोकाळीपर्यंत सगळ्या खड्ड्यांतून मुद्दाम चक्कर मारली. दिवे शाबूत.

आता मी त्या माणसाला शिव्या घालत नाही. तोही एखाद्या रात्री असाच कुणाला तरी घेऊन कडेला थांबला असेल. त्याची चांदी मला पटते. दुसऱ्या दिवशी त्यानं डिकी उघडली नाही, हे पटत नाही. ऑफिसात मी 'तात्पुरतं' अशी कमेंट टाकून गिळून टाकलेली एक एरर तीन वर्षं तशीच आहे, ती सोमवारी उघडणार आहे.

ग्लोव्हबॉक्समध्ये चार फ्यूज ठेवलेत. सोबत पुढच्या मालकासाठी चिठ्ठी: "उडाला तर एकदा बदला. पुन्हा उडाला तर कारण शोधा."